जांगल देशातील ध्वनिमुद्रिका

‘जंगल’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून उचलला, तेव्हा त्याचा अर्थ आधीच निसटू लागला होता. आयुर्वेदाने भूमीचे तीन प्रकार सांगितले आहेत: आनूप, साधारण आणि जांगल. आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा प्रदेश. जांगल म्हणजे थोड्या पावसाचा, विरळ आणि काटेरी झाडांचा, वाऱ्याचा आणि मोकळ्या आकाशाचा. आज जंगल म्हणताच वेलींनी गुंतलेले जे ओले, अंधारे अरण्य डोळ्यांसमोर उभे राहते, त्याच्या हे अगदी उलट. त्या जुन्या अर्थाने पाहिले तर आमचे सोनारी हे खरे जांगल गाव. धाराशिव जिल्ह्याचा (२०२३ पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद) परंडा तालुका पावसाने नेहमीच हात राखून दिलेला. बाभळी, बोरी, लिंब आणि मैलोगणती ज्वारीची ताटे. काळभैरवनाथाच्या देवळाभोवती माकडांची वस्ती आहे. त्या माकडांइतके निर्धास्त आमच्या गावात दुसरे कोणी नाही. चैत्रात भैरवनाथाची यात्रा भरते, आणि त्या दिवसांत हलगी, ढोल आणि संबळ यांच्या आवाजाने रात्रीसुद्धा गाव झोपत नाही.

हाच शब्द अर्धी पृथ्वी फिरून माझ्या दारी पुन्हा आला तो पुठ्ठ्याच्या एका खोक्यातून. माझा पुतण्या गेली सतरा-अठरा वर्षे लंडनला असतो. संगणकाच्या कामात आहे. घर, संसार तिकडेच. माझे थोरले बंधू २०२२ च्या पावसाळ्यात गेले. त्यानंतरच्या चैत्रात, यात्रेचे निमित्त साधून, तो घराच्या कागदपत्रांसाठी आला. बरोबर कपड्यांची एक लहान पिशवी, हातात धरून नेण्याजोगे एक छोटे तबकडीयंत्र, आणि बारा इंची काळ्या तबकड्यांचे ते खोके. विमानात ते त्याने मांडीवर घेऊन आणले होते. माझ्या नजरेतला प्रश्न ओळखून तो म्हणाला, “काका, ह्याला जंगल म्हणतात.” माझी वहिनी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, “ह्याच्यावरूनच तुझं नि आबांचं बिनसलं होतं ना?”

बिनसले होते हे खरे. आमचे आबा म्हणजे एकनिष्ठ श्रोते. हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावली की त्या साडेतीन मिनिटांत घरात कोणी भांडे वाजवायचे नाही, असा दंडक. मुलाने पगारातील पैसे कशावर घालविले हे एकदा त्यांनी दूरध्वनीवरून ऐकून घेतले, त्याने कौतुकाने दोन मिनिटे ऐकविलेही, आणि आबा म्हणाले, “ही ठोकाठोकी विकत घ्यायला पैसे पडतात?” वाक्य साधेच होते, पण त्यानंतर बापलेकांत संगीताचा विषय निघाला नाही, आणि ज्या घरात संगीत हाच बोलण्याचा मुख्य विषय होता, त्या घरात तो वगळल्यावर उरले ते पीकपाणी आणि प्रकृती. दर रविवारी दूरध्वनी येई. चार मिनिटांत संपे.

म्हणून मी ते खोके उघडून ऐकायला बसलो ते संगीताच्या जिज्ञासेने नव्हे, हे आधीच सांगतो. आबांना जे ऐकू आले नाही ते मला येते का, एवढेच पाहायचे होते.

या संगीताचा जन्म साधारण १९९१ ते १९९४ या काळातील, लंडनच्या कष्टकरी वस्त्यांतील. वेस्ट इंडीज बेटांवरून, विशेषतः जमैकातून, महायुद्धानंतर इंग्लंडात कामाला आलेल्या कुटुंबांची मुले आणि त्यांच्या शेजारची गोरी मुले यांनी मिळून ते घडविले. वाद्य शिकण्याइतका पैसा किंवा सवड कोणाकडे नव्हती. होते ते सॅम्पलर नावाचे यंत्र: जुन्या तबकडीवरील एखादा तुकडा टिपून घ्यायचा, तो कापायचा, उलटसुलट जोडायचा, वेग वाढवायचा. जमैकन वस्त्यांत मोठमोठे ध्वनिवर्धक रस्त्यावर मांडून गाणी लावण्याची जी परंपरा होती, तिच्यातून खर्जाचे प्रेम आले. अधिकृत नभोवाणीने दार लावले, तेव्हा मुलांनी उंच इमारतींच्या गच्च्यांवर चोरून प्रक्षेपक बसविले. १९९१ मध्ये हॅक्नी भागातून सुरू झालेले ‘कूल एफएम’ हे त्यांतील प्रसिद्ध केंद्र. तबकड्या काही शेकड्यांत छापल्या जात, मधल्या कागदावर पुष्कळदा नावसुद्धा नसे, आणि मोटारीच्या डिकीत घालून त्या दुकानोदुकानी पोचविल्या जात. ‘मूव्हिंग शॅडो’, ‘रीइन्फोर्स्ड’, १९९४ मध्ये निघालेले ‘मेटलहेड्झ’ ही त्यांची घराणी म्हणावीत अशी प्रकाशने. नावाबद्दल एकमत नाही. जमैकाच्या किंग्स्टन शहरात ‘जंगल’ या टोपणनावाची एक गरीब वस्ती आहे, तिच्यावरून ते आले असे काहीजण मानतात. काहींना त्या शब्दात काळ्या माणसांविषयीचा तुच्छभाव ऐकू येई आणि ते नाव नकोसे वाटे. आपल्या भाषेतून गेलेला शब्द परदेशी जाऊन केवढी ओझी वाहतो!

पहिली तबकडी लागली तेव्हा आबांचेच म्हणणे मला पटले, हे लपवीत नाही. वरच्या थरात ढोलांचा असा भडिमार की कोठे बोट ठेवावे कळेना. पुतण्या काही बोलला नाही. त्याने फक्त माझा हात धरून लाकडी पेटीवर ठेवला. तेव्हा खालचा खर्ज हाताला कळला, आणि तो खर्ज वरच्या ढोलांच्या निम्म्या गतीने चालला होता. मिनिटाला एकशे साठ-सत्तर मात्रांचा द्रुत वर, आणि त्याच क्षणी खाली संथ, मोजून पाऊल टाकणारी विलंबित. आपल्या ख्यालगायनात विलंबित आधी येतो आणि द्रुत मागून. इथे दोन्ही एकावर एक रचलेले. श्रोत्याने कोणत्या लयीत उभे राहायचे हे त्याचे त्याने ठरवायचे. लंडनच्या नाचघरांत काही जण वरच्या लयीवर थिरकतात, काही खालच्या लयीवर नुसते डुलतात, असे त्याने सांगितले. मी म्हणालो, “अरे, हे तर छबिन्यात चालतं.” छबिन्यात हलगीवाला काड्यांनी पाऊस पाडत असतो आणि पालखीचे भोई मात्र ढोलाच्या संथ ठोक्यावर पाय टाकतात. दोन्ही एकाच वेळी, एकाच रस्त्यावर. पुतण्या हसला. “तेच तर, काका. मी ते लहानपणी ऐकलंय. तिकडं पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला घरची आठवण आली. आबांना हेच सांगायचं होतं.”

खोक्यात काय काय होते त्याची यादी देत बसत नाही. १९९४ चे ‘ओरिजिनल नटा’ होते, १९९५ मधील गोल्डीचा ‘टाइमलेस’ होता. त्या वर्षीची एक गंमत त्याने सांगितली ती मात्र नोंदवितो. लंडनच्या हॉक्स्टन चौकात ‘ब्लू नोट’ नावाचा क्लब होता. तिथे रविवारी मेटलहेड्झची मंडळी जंगल वाजवीत, आणि सोमवारी त्याच जागेत ‘अनोखा’ या नावाने तबलावादक तल्विन सिंग यांची बैठक भरे. लंडनलाच जन्मलेल्या या वादकाने तबल्याला त्याच तुटक ठेक्यांशेजारी बसविले आणि पुढे १९९९ मध्ये ‘ओके’ या संग्रहासाठी त्याला ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. आपला तबला तिथे पाहुणा म्हणून गेला नाही, शेजारी म्हणून गेला.

पण मला जागे केले ते एका वेगळ्याच गोष्टीने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुतण्याने खोक्याच्या तळातून एक लहान, सात इंची तबकडी काढली. १९६९ सालची, अमेरिकेतील ‘द विन्स्टन्स’ नावाच्या वाद्यवृंदाची. एका बाजूचे गाणे त्या वेळी गाजले होते. दुसऱ्या बाजूला, जागा भरायची म्हणून वाजविलेली एक नुसत्या वाद्यांची रचना. तिचे नाव ‘आमेन, ब्रदर’. मध्यावर सगळी वाद्ये थांबतात आणि ढोलवादक एकटाच चार आवर्तने वाजवितो. सुमारे सात सेकंद. बस्स. जंगल संगीताचा बहुतेक सारा डोलारा त्या सात सेकंदांवर उभा आहे. ते सात सेकंद हजारो ध्वनिमुद्रिकांत कापून, ताणून, उलटे करून वापरले गेले आणि जगभर त्यांना ‘आमेन ठेका’ याच नावाने ओळखतात.

आपल्या ओठी रोज येणारा हा शब्द तिथे कसा पोचला, याची साखळी आहे. १९६३ मध्ये ‘लिलीज ऑफ द फील्ड’ हा चित्रपट आला. अमेरिकेच्या वाळवंटी मुलखात युरोपातून आलेल्या काही जोगिणी आणि वाटेत थांबलेला एक काळा कारागीर मिळून एक छोटे प्रार्थनामंदिर बांधतात, एवढीच त्याची कथा. त्या भूमिकेसाठी सिडनी पॉटिए यांना ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटासाठी जेस्टर हेअरस्टन यांनी ‘आमेन’ हे भक्तिगीत रचले. पुढच्याच वर्षी ‘द इम्प्रेशन्स’ या गायकवृंदाने ते घरोघरी पोचविले. आणि १९६९ मध्ये विन्स्टन्सनी त्याचीच चाल जलद करून, शब्द गाळून वाजविली. म्हणजे जोगिणींच्या विटांमातीच्या मंदिरापासून लंडनच्या गच्चीवरील चोरट्या नभोवाणीपर्यंत एक सरळ रस्ता आहे. ज्यांनी तो तुडविला त्यांपैकी बहुतेकांना त्याची सुरुवात ठाऊक नसावी. ‘तथास्तु, खरोखर’ या अर्थाचा शब्द गळून गेला आणि त्याचा ठेका तेवढा उरला.

ते सात सेकंद वाजविणाऱ्या माणसाचे नाव ग्रेगरी कोलमन. मी सहज विचारले, “त्याला काय मिळालं?” पुतण्या म्हणाला, “काही नाही.” वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला आपल्या रचनेचे जगभर काय झाले हे १९९६ पर्यंत माहीतच नव्हते, आणि कळले तेव्हा कायद्याने दाद मागण्याची मुदत उलटून गेली होती. २०१५ मध्ये इंग्लंडातील दोघा संगीतप्रेमींनी वर्गणी काढून स्पेन्सरला चोवीस हजार पौंड पाठविले. तोपर्यंत कोलमन जाऊन नऊ वर्षे झाली होती. स्पेन्सरच्या सांगण्याप्रमाणे तो २००६ मध्ये अटलांटा शहरात बेघर अवस्थेत मेला. स्पेन्सरही २०२० मध्ये गेला.

मी यावर बराच वेळ काही बोललो नाही. चोरी म्हणावी तर मुले गरीब होती आणि त्यांनी निर्मिलेले नवेच होते. चोरी न म्हणावी तर तो ढोलवादक रस्त्यावर मेला होता. पुतण्या म्हणाला की त्याच्यासारख्या संग्राहकांत हा वाद कायम चालतो आणि कोणीच जिंकत नाही. मला एवढेच सुचले की आमच्या गावात हा प्रश्न कधी निघालाच नाही. यात्रेतल्या हलगीवाल्यांना माझ्या वडिलांच्या काळी सुगीत धान्य मिळे, आता सुपारी ठरते. पण ज्याच्या हलगीवर चाळीस वर्षे छबिना चालला, त्याचे नाव यात्रेच्या एकाही पत्रकावर मी छापलेले पाहिलेले नाही. देणगीदारांची नावे मात्र अडीच रुपयांपासून असतात.

आता आमच्या स्वतःच्या खोक्याविषयी. माळवदाच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत एकशे बारा तबकड्या आहेत; सगळ्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या. सुरुवात वडिलांची, भर आबांनी घातलेली. १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि बार्शी मात्र इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. मध्ये करोडगिरीचा नाका. बाहेरून आलेल्या मालावर जकात पडे. म्हणून वडील बार्शीहून तबकड्या आणीत त्या कडब्याच्या गाडीत, पेंढ्यांच्या मधोमध. अशा आणलेल्यांपैकी दोनच वाटेत फुटल्या, असे आजी अभिमानाने सांगे. बालगंधर्व, हिराबाई, मास्टर कृष्णराव, आणि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ज्यावर जी. एन. जोशी यांनी गायिली ती तबकडी. मराठी भावगीताची चाल जिच्यापासून रूढ झाली असे मानतात, तीच ही.

पुतण्याने यांतील एक तबकडी हातात घेतली आणि वजनाने चकितच झाला. त्याच्या तबकड्या विनाइलच्या, पडल्या तरी न फुटणाऱ्या. आमच्या लाखेच्या. इथे मला त्याला काही शिकविता आले, आणि शिक्षकी पेशातील माणसाला याहून मोठे सुख नाही. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर बसतात आणि आपल्याभोवती राळेचे कवच करतात. छोटा नागपूरच्या रानांतून गोळा केलेली ती लाख धुऊन, वितळवून, तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून अर्ध्या शतकाहून अधिक काळ साऱ्या जगाच्या तबकड्या घडल्या. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला, अमेरिकेने तिच्या वापरावर बंधने घातली, आणि विनाइलकडे वळण्याचे जे अनेक धक्के बसले त्यांतील हा एक. १९४८ मध्ये कोलंबियाची पहिली दीर्घ तबकडी निघाली ती विनाइलची. म्हणून मी त्याला म्हणालो, “तुझ्या तबकडीवर जंगल नुसतं छापलंय. ह्या खऱ्या जंगलातल्या.” हा विनोद त्याने लंडनला जाऊन सर्वांना सांगितला म्हणे.

एक जुनी हकीकतही सांगितली. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला फ्रेड गैसबर्ग याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मुद्रण इकडे आणि छपाई जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कामगाराला मधल्या कागदावर कोणाचे नाव घालायचे हे कसे कळावे? म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःच्या तोंडाने आपले नाव इंग्रजीत सांगत असे. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि ही गरज संपत गेली. पण त्या आरंभीच्या तबकड्यांवर गाण्याच्या अखेरीस जो बोलका आवाज येतो, तो मला गाण्याइतकाच मोलाचा वाटतो.

भारतात अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या १९७० च्या सुमारास निघेनाशा झाल्या. मग दीर्घ तबकड्या, मग कॅसेट, मग काय काय. मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात जुन्या तबकड्या किलोच्या भावात जात असलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. अशा वेळी १९९० मध्ये मुंबईला काही मंडळींनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन केली. डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिच्यासाठी केलेले काम महाराष्ट्राने लक्षात ठेवावे असे आहे. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकातून कोणत्या गायकाची कोणती तबकडी केव्हा निघाली, तिचा क्रमांक काय, हे टिपून ठेवले गेले. क्रमांकांच्या अशा याद्या वरवर कोरड्या दिसतात. पण ज्या गायिकेचे ना छायाचित्र, ना चरित्र, तिच्या अस्तित्वाचा तेवढाच पुरावा असतो. पुतण्याच्या पंथातही हेच: तबकडीच्या शेवटच्या वळशापाशी, मधल्या कागदाच्या कडेला, हाताने कोरलेले अंक भिंगाखाली वाचायचे आणि ताडून पाहायचे. २००० मध्ये निघालेली ‘डिस्कॉग्ज’ नावाची जी प्रचंड सूची संगणकावर आहे, ती प्रथम अशाच यंत्रसंगीतापुरती होती. सूची करणारी माणसे सर्वत्र सारखीच असावीत. चष्मा कपाळावर, जेवण गार.

आणि संग्राहक नसता तर काय गमावले असते, याचे मुंबईतीलच उदाहरण आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये नव्याने आलेल्या जपानी यंत्रांवर दहा राग नृत्याच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली. ती कोणी विचारली नाही. २००२ मध्ये दिल्लीच्या एका दुकानात एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली, आणि त्याने ऐकताच ओळखले की पाश्चात्त्य जग ज्या तऱ्हेचे संगीत नंतर काही वर्षांनी अमेरिकेत जन्मले असे समजत होते, तसेच काहीसे इथे आधीच वाजून गेले होते. २०१० मध्ये तिची पुन्हा आवृत्ती निघाली. चरणजित सिंग २०१५ मध्ये वारले. पण तत्पूर्वी त्यांना युरोपात बोलावून लोकांनी ते ऐकले. कोलमनच्या वाट्याला जे आले नाही ते त्यांच्या वाट्याला, उशिरा का होईना, आले. दुकानदाराने ती तबकडी वितळविली असती तर आले नसते.

पाचव्या दिवशी वाटणीचे कागद झाले. पुतण्याने जमीन, घर, सर्व आईच्या नावे राहू द्या म्हटले. मग जरा थांबून म्हणाला, “काका, तबकड्यांची पेटी मला द्याल?”

ही मागणी मला अपेक्षित होती आणि तरी तिचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तो तिची निगा माझ्यापेक्षा चांगली राखणार, यात शंका नाही. मी सत्तरी ओलांडली आहे. माझ्यानंतर पेटीवर माकडे बसतील. पण लंडनच्या घरात त्या तबकड्या कोणासाठी वाजतील? शेजारच्या आज्जींना हिराबाईंचा आवाज भिंतीपलीकडून ओळखू येतो. तिकडे भिंतीपलीकडे कोण? शिवाय मनात एक कडूपणा होता, तो सांगितलाच पाहिजे: जिवंतपणी ज्याने बापाबरोबर बसून ऐकले नाही, त्याने आता पेटी मागावी? मी ते बोललो नाही. वहिनीने मात्र ते माझ्या चेहऱ्यावर वाचले असावे. ती म्हणाली, “भाऊजी, ह्यांनी शेवटच्या वर्षात त्याची ती ठोकाठोकी दोनदा लावून घेतली होती. मोबाइलवर. मला म्हणाले, पोराला सांगू नको.”

पुतण्या उठून बाहेर गेला. बराच वेळ पारावर बसून होता.

शेवटी असे ठरले की पेटी सोनारीतच राहावी, प्रत्येक तबकडीची यादी क्रमांकांसह त्याने करावी आणि मुंबईच्या जाणकारांना पाठवावी. आणि एकच तबकडी त्याने न्यावी, ज्या हिराबाईंच्या तबकडीच्या पाकिटावर आबांनी त्याच्या जन्माची तारीख आणि वेळ लिहून ठेवली होती ती. ही तडजोड वहिनीची. मला सुचली नसती.

यात्रेच्या रात्री त्याने लहानसे ध्वनिमुद्रण यंत्र नेले. छबिना सुरू होण्याआधी देवळामागे शेकोटीवर हलग्या तापविण्याचे काम चालले होते. कातडे तापून ताणले की हलगी बोलते. तिथल्या सर्वांत वयस्क हलगीवाल्यांना तो म्हणाला, “मामा, तुमचं एकट्याचं वाजवाल? दहा मिनिटं.” मी मध्ये पडलो. आधी सुपारी ठरली, यात्रेच्या एका रात्रीची पूर्ण सुपारी, दहा मिनिटांसाठी. आणि कागदावर लिहून दिले की यातून पुढे काहीही पैसा झाला तर निम्मा त्यांचा. मामांना कागदाचे हसू आले. “मास्तर, हलगीचा कसला करार?” पण अंगठा न उठवता त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. मग वाजविले. आणि वाजवून संपताच, माझ्या सांगण्यावरून, त्यांनी यंत्राजवळ तोंड नेऊन आपले नाव आणि गावाचे नाव सांगितले.

लंडनमध्ये जुन्या पद्धतीच्या एकेरी तबकड्या कापून देणारी माणसे अजून आहेत. ॲल्युमिनियमच्या चकतीवर मऊ रोगणाचा थर असतो आणि त्यावर थेट वळसे कापले जातात. जंगल संगीताच्या भरात वादक नवी रचना रात्रीच्या बैठकीत वाजविण्यासाठी अशीच कापून घेत. ‘डबप्लेट’ म्हणतात तिला. तिची एकच प्रत असते, आणि सुई फिरेल तशी ती झिजते. काही दशक वेळा वाजविली की आवाज धूसर होऊ लागतो. पुतण्याने हलगीची अशी तबकडी करवून मला पाठविली. मूळ ध्वनिमुद्रण संगणकात सुरक्षित आहे, ते हवे तितके ऐकता येते. पण तबकडी लावायची तर विचार करून लावावी लागते. मधल्या कागदावर मामांचे नाव आहे, खाली सोनारी, आणि साल.

मामांना घरी बोलावून ती ऐकविली. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली, स्वतःचे नाव आले तेव्हा मान हलविली, आणि मग म्हणाले की डाव्या हाताची बारीक काडी नीट उठलेली नाही. यंत्र उजवीकडे ठेवले होते, ते चुकले. पुढच्या यात्रेला डावीकडे ठेवायला सांगा. मी तसे पत्राने कळविले आहे.